दोन सूत

पेन्सिल गुदगुल्या करत टाचेमागून फिरली,
अंगठ्याला वळसा घालून थांबली.
चप्पल लाईन, दुपारचे साडेतीन.
आप्पासो व्हटकर कागदावर वाकून म्हणाले,
"डावा पाय मोठा हाय की ओ तुमचा. दोन सूत."

बावन्न वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

मीही सातच नंबर मागत आले,
दोन्ही पायांना एकच,
आणि डावी करंगळी मुडपून
फळ्यासमोर उभी राहिले, घंटा होईपर्यंत.

साखरपुड्याला हिल्स घाल, मृण्मयी बजावून गेलीय,
मुलाकडचे सगळे उंच आहेत,
फोटोत बरं दिसतं.
असतील उंच.

मला सपाट हवी.
वेणी बारीक, अंगठ्याशी चामडं मऊ,
तेल पिऊन काळवंडत जाणारा रंग,
वर लाल गोंडा.
हो, गोंडा हवाच, मिरवायचंय मला.
आणि वाजणारी.

"करकर पुरुषांच्यात घालतो," आप्पासो हसले,
"बायकांच्यात कुणी मागत न्हाई."
मागतेय की मी.

त्यांनी मान हलवली, कागदावर माझं नाव लिहिलं,
खाली 'डावा + २, आवाजाची',
आणि तो खिळ्याला टोचला
कुणाकुणाच्या पावलांच्या गठ्ठ्यावर.

आठ दिवसांनी या, म्हणाले.

पायरी उतरले ती जुन्याच सँडलमध्ये.
भवानी मंडपापाशी करंगळी ठणकली.
तिला म्हटलं,
आठच दिवस, बाई.