मजला

भायखळ्याच्या फायर स्टेशनात, तिसऱ्या माळ्यावर
कक्षा-बचाव विभाग म्हणजे दोन खुर्च्या, एक बिनतारी संच
आणि हेरंब राऊळच्या थर्मासमधला कोरा चहा.

रात्री अकरा दहाला कॉल आला.
'मयूरी' नावाचं पर्यटक यान, माणसं आठ,
परतीचं इंजिन पेटत नाही,
हवा पहाटे पाचपर्यंत.
आमची घार-दोन उरणच्या धक्क्यावरून सुटणार
आणि पोचणार साडेपाचला.
हिशेब राऊळने पुन्हा केला, मीही केला.
अर्धा तास कमी तो कमीच.

नव्वद मिनिटांनी एकदा ते आमच्या डोक्यावरून जायचे,
सात मिनिटं आवाज लागायचा.
पहिल्या फेरीत सगळे एकदम बोलले.
कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले,
कुणी माझ्या साहेबांचं नाव,
एक बाई सारखी विचारत होती
यातलं वाळकेश्वर कुठलं, वाळकेश्वरातलं आमचं घर कुठलं.
लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सांगते तेच सांगितलं:
बटणं दाबू नका, दार ठोकू नका, आम्ही निघालोय.
आणि बोलू नका.
बोलण्यानं हवा संपते.
तो अर्धा तास तुमच्याच तोंडात आहे.

दुसऱ्या फेरीत कुणी बोललं नाही.
नुसते श्वास. आठ की सात, मोजता येईनात.
सात मिनिटं गप्प बसून काढायची तर फार लांब असतात.
मी ड्यूटी रजिस्टर उघडलं आणि वाचत सुटले:

तीन तारीख. ताडदेव. लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये,
वृद्ध महिला एक, सोबत दोन किलो मटार. सुखरूप.
पाच. शिवडीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेला इसम,
रोहित पक्ष्यांचे फोटो काढत होता. सुखरूप. एक बूट गेला.
आठ. माझगाव. न्हाणीघरात घोरपड.
घोरपड सुखरूप, घरमालक पलंगावर.
नऊ. चिराबाजार. मुलाचं डोकं गॅलरीच्या गजांत,
खोबरेल लावून काढलं…

वर कुणीतरी हसलं.
हसू नका, मी ओरडले, हसायलाही लागते.

तिसरी फेरी. चौथी.
राऊळ मागे उभा राहून घारीचं अंतर पाटीवर लिहायचा, पुसायचा.
घसा बसला तरी पानं उलटत होते.
एक पान दोनदा उलटलं गेलं.

साडेपाच. खरखर.
मग लोखंडावर लोखंड, हातकिल्ली फिरल्याचा आवाज,
इथं जुन्या लिफ्टना वापरतो तसाच,
आणि तबस्सुम मुकादम, धापा टाकत:
दार उघडलं. एक. दोन. तीन.
सहानंतर ती इतका वेळ थांबली
की राऊळच्या हातातला खडू मोडला.
सात.
आठ. बेशुद्ध आहे, पण आठ.

नोंद करायला बसले. फॉर्म तोच जुना:
पत्ता, इमारत, मजला.
मजल्याला काय लिहू?
राऊळ म्हणाला, तीन मीटरला एक धरला तर सव्वा लाख होतात.
लिहिलं: सव्वा लाखावा, अंदाजे.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.
मी विनायक खोपकर, वरचा. पोर्ट ट्रस्टचा निवृत्त हिशेबनीस,
सगळा फंड घालून गेलो होतो, मुलगी अजून बोलत नाही.
आभार मानायला केलाय, पण एक विचारू?
चौथ्या फेरीत तुम्ही सोळा तारखेवरून अठरावर गेलात.
सतराला काय होतं?

रजिस्टर कपाटात होतं. उघडावं लागलं नाही.
काळाचौकी, म्हटलं. लिफ्टचा खड्डा.
आतलं कुटुंब सुखरूप.
आमचा फायरमन. वय एकोणतीस. शिरीष आंबेरकर.

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज.
मग, हळूच:
री दीर्घ ना?