साठ अंशांच्या अलीकडे

रायोंगची हवाच ओली.
मिठाची बरणी उघडी राहिली
तर दुपारी तळाशी खारं पाणी.
इथं आम्ही चमचे ओततो.
ज्या कंदाचा साबुदाणा होतो,
त्याच कंदाच्या साखरेतून निघालेले पांढरे दाणे,
तांदळाहून जरा जाड,
भाजले की मक्याच्या कणसासारखा वास येतो.

दाणे आधी वाळवायचे,
ऐंशी अंश, चार तास.
ह्यात काटछाट नाही.
कुणी वाळवणातले पापडही
इतक्या निगुतीनं राखत नसेल.

त्या मंगळवारी ड्रायरचा पंखा बंद पडला
आणि रात्रपाळीच्या जिरायुतनं तसंच चालवून घेतलं.
मशीननं तक्रार केली नाही.
उलट रस पातळ झाला, साच्यात सरसर धावला,
दाबाचा काटा खाली आला.
त्याला वाटलं, आज मशीन खुशीत आहे.

दाण्यात दडलेलं पाणी
एकशे नव्वद अंशांवर जागं झालं होतं,
लांबच लांब साखळ्या
मिळेल तिथं तोडत सुटलं होतं.
सकाळी चमचे दिसायला तेच,
काचेसारखे स्वच्छ,
वजनातही रतीभर फरक नाही.

फरक वारुणीला कळला.
नावातच पाणी असलेली ही बाई
बावीस वर्षं पाणी हाकलण्यात घालवते आहे.
डमरूच्या आकाराची पट्टी
ती दोन जबड्यांत धरते, ओढते,
आणि पडद्यावरची रेघ न बघता
कान देऊन उभी राहते.
चांगली पट्टी तुटण्याआधी थोडी तरी
हो-नाही करते.
ही
टक्.

विक्रीवाला म्हणाला,
शेवटी मोडायचाच माल आहे ना आपला?
मोडायचाय, वारुणी म्हणाली,
पण खताच्या ढिगात.
सूप पिणाऱ्याच्या दाढेखाली नाही.
मरण आम्हीच घातलंय त्यात,
म्हणून ते कधी यायचं
तेही आम्हीच बघायचं.

एवढ्यानं भागलं असतं तर बरं.
फाटकाबाहेर लुंग प्रयूनची नूडल्सची गाडी.
त्याला आम्ही चांगले, कोरडे, शंभर चमचे दिले होते.
पहिल्याच वाडग्यात
चमच्यानं मान टाकली.
साठ अंशांच्या पुढे ह्या काचेला
आपण काच आहोत ह्याचा विसर पडतो.
प्रयून रागावला नाही.
वाकडा चमचा त्याने गाडीच्या खांबावर
एका खिळ्याला अडकवला,
येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

दोष घाईचा.
गार साचा बारा सेकंदांत उघडतो,
आणि आतल्या साखळ्या
कुणीतरी ‘स्टॅच्यू’ ओरडावं
तशा एक पाय वर, एक हात हवेत,
थिजून जातात. ऊब लागली की
खेळ संपल्यासारख्या सैल.
साचा शंभर अंशांवर ठेवा, पाऊण मिनिट थांबा,
मग त्या घड्या घालतात,
धुतलेल्या कपड्यांसारख्या, एकीवर एक.
चमचा दुधी होतो.
उकळतं सूप सोसतो.

पण साहेबांच्या हिशेबात
पाऊण मिनिट म्हणजे जवळजवळ चार चमचे.
गिऱ्हाइकाला आरपार दिसणारा हवा.
आणि एवढी नीट घातलेली घडी
मातीलाही उलगडायला वेळ लागतो,
हे वारुणीनं स्वतःच अहवालात लिहिलं,
कुणी विचारलं नसताना.

मी साच्यावरचा माणूस, मला अहवाल कळत नाहीत.
मी फक्त रविवारी, साहेब नसताना,
साचा तापवला आणि थांबलो.
पंचेचाळीस सेकंद इतके लांब असतात
हे मला ठाऊक नव्हतं.

त्यातला एक वारुणी डब्यातून घेऊन गेली.
प्रयूननं तो कढईतून काढलेल्या रश्श्यात बुडवला,
चमच्याकडे नाही, तिच्याकडे बघत राहिला,
मग ढवळला, चव घेतली,
आणि विचारलं, तिखट चालतं ना तुला?

खांबावरचा वाकडा चमचा त्याने काढला नाही.
त्याच्या बाकात
तो आता उधारीच्या चिठ्ठ्या खोचतो.