खंड

तासगावच्या तहसील कचेरीबाहेर, चिंचेखाली,
मुल्लाचाचांनी टाइप करून दिलं:
सदर चार वर्षांच्या कालावधीत
मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही.
खाली नाव, प्रणोती तातोबा माळी.
सही तेवढी बाकी.

एम.एस्सी.च्या फॉर्मला हे लागतं.
बी.एस्सी.नंतर जो काळ गेला
त्याला विद्यापीठ खंड म्हणतं.
आमच्या मणेराजुरीत खंड म्हणजे
दुसऱ्याचं रान कसायचं
आणि सुगीला ठरलेलं त्याच्या दारात नेऊन टाकायचं.
तसं बघितलं तर तेही चुकीचं नाही.

चार वर्षं कोथळ्यांच्या कोल्ड स्टोरेजला आहे.
खोली नंबर एक ते सहा, दिवसातून तीनदा,
स्वेटर घालून आत जायचं, काटा बघायचा,
वहीत चार अंश, चार अंश, साडेचार.
बाहेर मे महिना आणि मला सर्दी.
पहिल्या वर्षी बेदाणा नुसता खायचे.
आता मूठभर दाबला, सोडला
की हात सांगतो पाणी किती राहिलंय.
गंधकाची धुरी जास्त झाली असेल
तर आधी जिभेच्या कडेला कळतं,
लॅबच्या कागदावर दोन दिवसांनी.
पाऊस लागलेल्या शेडचा माल
रंगानं लपतो, देठाशी सापडतो.
हे मला निवडायला बसणाऱ्या शेवंतामावशीनं शिकवलं,
जी पगाराला अंगठा उठवते.

"चाचा, 'कोठेही' एवढं काढता येईल?"
ते चष्म्यावरून बघतात.
"पोरी, मॅटर ठरलेलं असतंय.
एक शब्द हलवलास तर खिडकीतनं परत येशील."

आई म्हणते, एवढं शिकून परत बेदाणाच मोजणार न्हवं?
शीतलशेठ म्हणतात, जा की.
फक्त तुझी खुर्ची दोन वर्षं मोकळी ठेवायला
मला परवडणार नाही.
आबा काही म्हणत नाहीत.
त्यांनी कोल्हापूरच्या एसटीच्या वेळा
कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवल्यात,
पेन्सिलीनं, म्हणजे पुसता येतील.

मला काय पाहिजे ते मला धड सांगता येत नाही.
डिपिंगच्या तेलात द्राक्ष बुडवलं
की सालीवरच्या मेणाचं नेमकं काय होतं,
हे बी.एस्सी.ला एका ओळीत उरकलं होतं.
ती ओळ मला पुरत नाही.
भाकरी थापताना पुरत नाही,
पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना पुरत नाही.
एका ओळीसाठी दोन वर्षं, पगार,
राजारामपुरीतल्या खोलीचं भाडं.
कागदावर मांडलं की वेडेपणा दिसतो,
म्हणून मांडत नाही.

शनिवारी शेवटची तारीख.
स्टॅम्पपेपर दुमडून वहीत ठेवला.
चारला पाच नंबर उघडली,
थंडी अंगावर आली ओळखीच्या कुत्र्यासारखी.
चार अंश.
तपासणाऱ्याच्या रकान्यात सही केली.
मग उगीच मागची पानं उलटली.
माझीच अक्षरं, खाली खाली, बोटं बधिर असतानाची,
तापातली, दिवाळीच्या दिवशीची.
काटा न बघता केलेली एकही नाही.

मुल्लाचाचा निघताना म्हणाले होते,
खोटं नसतंय गं ते. मॅटर असतंय.

दुमडलेला कागद बॉक्सवर पसरलाय.
गारठ्यानं पेन उमटत नाही.
दोन्ही तळव्यांत धरून
घासतेय.