उडत नाही ती माशी

पोलंड नावाच्या या गावात पोलंडचं कुणी नाही.
नारळ आहेत, डुकरं आहेत, खाडीचं चकाकणारं पाणी आहे,
आणि तेकाबूच्या घरामागे
टेबल म्हणून वापरात असलेलं
एका फुटक्या होडीचं दार.
त्यावर खिळ्यांनी ठोकलेली पक्कड,
सायकलच्या ट्यूबचे तीन वेढे देऊन आवळलेली.

पक्कडीच्या जबड्यात गळाचा आकडा. तो काही तेकाबूचा नव्हे.
कुणा डॅनिश पाहुण्याचा, प्रवाळात अडकून तुटलेला.
ओहोटीला जाऊन सोडवला,
रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला,
दगडावर घासला,
टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं.
घसरत नाही.
बरं.

मग दोरा.
तांदळाच्या गोणीची शिवण उजव्या टोकाला धरून ओढली
की सर्रकन सगळी उसवते.
डाव्या टोकाला ओढली
तर बसा संध्याकाळपर्यंत गाठी सोडवत.

डोळे बेसिनच्या बुचाच्या साखळीचे,
बंद पडलेल्या सरकारी बंगल्यातून आणलेले.
दोन मणी कापले, आता नऊ उरले.
म्हणजे एक माशी काणी निघणार.

अंगाला वेफर्सच्या पाकिटाची आतली चांदी.
शेपटीला कुठल्याशा जहाजाचा वाहून आलेला दोरखंड,
मूळचा निळा,
उन्हानं इतका विटलेला की वाळूतून वेगळा दिसू नये.
तो विंचरायचा,
तुटक्या दातांच्या फणीनं, हळूहळू,
शाळेत जायच्या आधी पोरीचे केस विंचरावेत तसा.
वर कुत्र्याच्या शेपटीचे चार केस.
कात्री दिसली की कुत्रा हल्ली
चर्चच्या मागे निघून जातो.

म्हणायचं माशी,
पण ही गुळावर बसत नाही,
कानाशी गुणगुणत नाही.
कोळंबीचं सोंग घेऊन
मुद्दाम बुडायला बांधलेली.
मासा नि माशी,
दोघांत अंतर
एका ओढीचं.

सगळ्यात शेवटी नेलपॉलिश.
नारिंगी, भडक.
मोइआ ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला गेली
तेव्हा खिडकीत विसरलेली बाटली.
गाठ सुटू नये म्हणून माशीच्या मानेशी
एक थेंब पुरतो.
माशांना वाटतं, कोळंबीच्या पोटाला अंडी आहेत.
ते वेगळंच.
पहिल्यांदा थेंब लावला तेव्हा
तेकाबूला माशांचं काही ठाऊक नव्हतं,
घरात दुसरा कसला गोंद नव्हता, इतकंच.

रविवारी तिचा फोन येतो.
बाबा, इथे दुकानात खरी पिसं मिळतात,
गळांचं पाकीट मिळतं, पाठवू का?
नको, म्हणतो.
तुझ्या त्या बाटलीचा रंग मिळेल का बघ.
कुठल्या बाटलीचा?
तिला आठवत नाही.
महिन्यानं विमानातून लाल आली.
चांगली आहे. जवळजवळ भरलेली.
ती त्यानं खिडकीत ठेवलीय.

आज घोटाभर पाण्यात पाहुण्यानं माशी टाकली.
इकारी आली,
सावली आधी, मग अंग,
नाकानं वाळू उकरत थबकली
आणि घेतली.
रीळ किंचाळलं.
साठ वाव, सत्तर वाव,
मग काहीच नाही.
सैल दोरी वाऱ्यावर.

पाहुणा म्हणाला, माफ करा, तुमची चांगली माशी होती.
तेकाबू हसला, त्यानं हातानं दूर दाखवलं,
जिथे पाणी हिरव्याचं निळं होतं.
तिकडे आता कुणीतरी
ओठाला नारिंगी नेलपॉलिश लावून हिंडतंय.
पाहुण्याला विनोद समजला नाही.
समजावून सांगण्याइतकं इंग्रजी
त्याच्याकडे होतं.

रात्री पुन्हा बोटीचं दार, पक्कड, कंदील.
बाटली उजेडासमोर धरली, हलवली.
दोन थेंब असतील, किंवा वीस.
कळत नाही.
काच आतून रंगलेली आहे.