मतविभागणी

स्मरणिकेसाठी चार पानं हवी होती.
धैर्यशील म्हणाला, "काका, आयुष्यभर
दुसऱ्यांच्या चुका काढलासा,
आता आमच्या आजोबांवर
जरा बिनचूक लिवा की."

मी मुद्रितशोधक. मंगळवार पेठेतल्या छापखान्यात
अडतीस वर्षं: लग्नपत्रिका, बँकांचे अहवाल,
दहाव्याची कार्डं.
चरित्र कधी लिहिलं नव्हतं.

ज्ञानदेव तातोबा वळीवडेकर. आमदार, एक मुदत.
बाप शाहूपुरीत गुळाच्या अड्ड्यावर तोलार.
दिवसभर काट्यावर रवे चढवायचा, उतरवायचा,
आणि पोराला शिकवण एवढीच:
काटा थांबेस्तोवर पारड्याला हात लावायचा न्हाई.
पोरगं बोर्डिंगात राहिलं,
पहाटे ओसरी झाडून वकील झालं,
सायकलवरून गगनबावड्यापर्यंत मतं मागत गेलं.
(सायकल नातवाच्या बंगल्यात आहे.
चेन नाही तिला.)

सभागृहाच्या कामकाजाचे खंड
वाचनालयाच्या पोटमाळ्यावर, कसर लागलेले.
सवयीनं बोट ठेवून वाचत गेलो.
मुलींच्या वसतिगृहाला अनुदान: होय.
गुळावरच्या वाढीव कराला: नाही.
झाडूवाल्यांच्या पगारवाढीला: होय,
आणि त्या बाजूला सगळी मिळून अकराच नावं.
एकदा उभं राहून विचारलंय,
पंचगंगेच्या पुलावर दिवे का नाहीत.
उत्तर: माहिती मागवली आहे.

मी खूश होतो. हातून चांगलं लिहून होत होतं.

मग इनामांचं विधेयक.
रात्री पावणेदहाला मतदानाची घंटा.
होय म्हणणाऱ्यांत नाव नाही.
नाही म्हणणाऱ्यांत नाव नाही.
तटस्थ म्हणून तिघे, त्यांतही नाही.
तीनदा वाचल्या याद्या.
गळलेलं अक्षर मला लांबून दिसतं,
इथं अख्खा माणूस गळला होता.

धैर्यशील म्हणाला, "आजारी हुते. टायफॉईड. तसं लिवा."

मुखपृष्ठाचा फोटोही त्यानंच आणून दिला.
गळाबंद कोट, फेटा, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर.
मागच्या बाजूला महाद्वार रोडच्या स्टुडिओचा शिक्का,
जांभळ्या शाईत तारीख.
खंडातली तारीख मला पाठ झाली होती.
फोटो उलटा केला, सुलटा केला.
टायफॉईडचा माणूस इतका ताठ बसत नाही.

उजवीकडची कड कात्रीनं कापलेली, जराशी तिरकी.
कापणाऱ्याकडून खांद्यावर चार बोटं राहून गेलीत.
भिंग लावून पाहिलं:
एका बोटात अंगठी, खडा करवंदाएवढा.

कुणाची बोटं, मला माहीत नाही.
ज्यांना माहीत होतं ते पंचगंगेच्या घाटावरून
कधीच परत आले नाहीत,
आणि जे आहेत ते म्हणतात, कशाला उकरतासा?
घरी येऊन ती अकरा नावं पुन्हा वाचली.
तीही खरीच होती.

डीटीपीच्या पोरानं 'गैरहजार' टाइप केलं होतं.
लाल पेननं एक काना खोडला.
पुढं कारणासाठी अर्धी ओळ मोकळी होती.
ती मोकळीच ठेवली,
आणि पान उद्या छपाईला जाईल म्हणून
चहा मागवला.

तेवढ्यात फोन.
"काका, खांद्यापाशी जरा आणखी कापायला लागंल.
ती बोटं डोळ्यावर येत्यात.
कापू न्हवं?"

समोर भिंग, भिंगाखाली खडा.
मी होय म्हटलं नाही.
नाहीही म्हटलं नाही.

"काका?" पलीकडून तो विचारत होता,
"हाईसा न्हवं? काका?"