सुळ्याजवळची जाळी

दोसिंदाबाईंचा ब्रिज दोन वर्षांत दोनदा तुटला,
दोन्ही वेळा डाव्या सुळ्याच्या मानेशी.
पहिल्यांदा आम्ही माल बदलला,
दुसऱ्यांदा त्यांनी डॉक्टर.

आता त्यांचा जबडा माझ्या पडद्यावर आहे,
फिरवीन तसा फिरतो, निमूट.
हाड, हिरडी, उरलेले दात,
सगळ्याचे मी लाखभर तुकडे केलेत;
प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला कळवतो
आपल्यावर किती आलं.
दाढांवर मी तीनशे न्यूटन ठेवतो:
म्हणजे मक्याचा शिळा पाव,
म्हणजे नीट न शिजलेला ऑक्टोपस.
पडदा निळाच राहतो.
आधीचा ब्रिजही निळाच होता.
कॉम्प्युटरच्या मते तो अजून तोंडात आहे.

त्या मालपिकाहून बसने आल्या,
हातांना डिझेलचा आणि ओल्या नायलॉनचा वास.
कपाळावरचा चष्मा खाली घेतला
आणि इतक्या वाकल्या की काच धुरकटली.

ही जाळी कुणी विणली?
मशीननं, मी म्हटलं.
इथं डोळे मोठे राहिलेत, त्या म्हणाल्या,
नख सुळ्याच्या मानेवर.
आणि दाढेवर, जिथं काही होत नाही, तिथं हे एवढे बारीक.
माझ्या पोरीनं असं जाळं केलं असतं
तर मी उसवायला लावलं असतं.
ओढ बसते तिथं गाठी जवळ हव्यात.

ओढ? कसली ओढ?

त्यांनी पिशवीतून हिरवा दोरा काढला,
डावीकडे दात नव्हते म्हणून उजवीकडे धरला,
मान तिरकी करून एक हिसका.
तुटला.
दिवसाला तीन-चारशे वेळा, म्हणाल्या, पंचेचाळीस वर्षं.
कात्री असते रे, हात कुठं मोकळा असतो?
तुम्ही सगळे विचारता, खाता काय.

जाताना बिल पाहून
दात-ओठ खाल्ले त्यांनी,
होते तेवढ्या दातांनी.

रात्री मी मानेशी जाळी घट्ट केली,
एक आडवा बाण लावला, हिसक्याएवढा.
सुळा लालभडक झाला.
दोन वर्षं तो तिथंच लाल होता.

मान थोडी जाड केली. पुन्हा. पुन्हा.
सव्वाअकराला रंग पिवळ्यावर येऊन थांबला.
हिरवा झाला असता,
पण मग ओठ मिटला नसता.