बाविसाव्या मिनिटाला

एल्मिनाच्या बंदरामागं, पत्र्याच्या हॉलात
शनिवारी रात्री तोच सिनेमा पुन्हा लागतो.
तिकीट दोन सेडी. बाकं संपली की
लोक माशांच्या टोपल्या पालथ्या घालून बसतात.
जनरेटर माझ्याकडे.

भूत येतं बाविसाव्या मिनिटाला.
त्याआधीच फीफी ओरडतो, "आलं, आलं!"
आणि भूत त्याच्या शब्दाला जागतं.
अंगावर चादर, आराबाच्या पलंगावरची,
कडेची निळी फुलं अख्ख्या गल्लीनं
दोरीवर वाळताना पाहिलेली.
पायांत रबरी चपला.
"किती वाजले रे?" मागून कुणीतरी विचारतं,
नेमकं तेव्हाच भूत हात उगारतं
आणि मनगटावर घड्याळ लखलखतं.

शाप देणाऱ्या म्हातारीला मिशी आहे,
कारण ते आमचे क्वान्सा मास्तर.
वीज कडाडते, तिच्यामागून कोंबडा आरवतो.
थडगं पुठ्ठ्याचं. भूत टेकतं, थडगं आडवं.
भूत ते उचलतं, नीट उभं करतं,
धूळ झटकतं,
आणि मग पुन्हा भेसूर होतं.

आक्राहून आलेला एक पाहुणा म्हणाला,
"अहो, पण भीतीच वाटत नाही!"
भीतीला काय तोटा, मी म्हटलं,
समुद्र रोज पहाटे फुकट वाटतो.
मोठे सिनेमेही पाहिलेत मी.
इतके बिनचूक, की बघणाऱ्याला
हात मांडीवर ठेवण्यापलीकडे काम नाही.
इथं भूत किंचाळायला विसरलं
तर बायका त्याच्या वतीनं किंचाळतात,
नायिकेला दार सापडत नाही
तर चाळीस बोटं दाराकडे.
पाहुणा थोडा वेळ गप्प बसला. मग तोही
"डावीकडं गं बाई, डावीकडं!"

भूत म्हणजे एको बाइडू, जाळी विणणारा.
ऑगस्टात ताप आला,
केप कोस्टच्या दवाखान्यातून परत आली
ती चपलांची पिशवी आणि घड्याळ.

आराबाकडून मी तिकीट घेत नाही.
तिसऱ्या बाकावर ती शेंगा सोलत बसते.
एकोनं थडगं उचललं की म्हणते,
"घरात कधी ताट उचललं नाही मेल्यानं!"
पहिल्यांदा म्हणाली तेव्हा हॉल खदखदला,
मग तो शब्द उशिरा पोचला,
आणि सगळे एकदम चूप.
एक शेंग फुटल्याचा आवाज.
मग तीच हसली,
डोळे पुसत, टरफलं झटकत,
म्हणून आम्हीही.

गेल्या शनिवारी, हात वर, घड्याळ चमकतंय,
आणि जनरेटर बंद.
काळोखात कुणी उठलं नाही.
मी दोरी ओढत राहिलो, घामाघूम.
यंत्र सुरू झालं, पण तबकडी हट्टी,
सिनेमा पुन्हा पहिल्यापासून.
एरवी शिव्या पडल्या असत्या.
फीफीनं फक्त टोपली सरळ केली.
आराबानं नवी पुडी सोडली.
बावीस मिनिटांनी येणारच होता तो.